टोडस्टूल मिटलाय, गोगलगायी मेल्यात, मासे ठणठणीत: आधी टॉप-अपचं पाणी बघा

निपाणीच्या एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात असा. घरी तीन फुटी समुद्री टाकी, दीडशे लिटरची. दोन क्लाऊनफिश, एक गोबी, खडकावर थोडे झोआ (फुलांसारखे दिसणारे छोटे कोरल) आणि मधोमध दीड वर्ष वाढवलेला टोडस्टूल लेदर, म्हणजे भूछत्रासारखा मऊ कोरल. टोपी हाताच्या पंजाएवढी, रोज सकाळी पॉलिप (कोरलचे फुलासारखे बारीक जीव) बाहेर काढून फुलायची. अधूनमधून कात टाकायला तो चार-पाच दिवस मिटतो हे त्यांना ठाऊक आहे. पण डिसेंबरात मिटला तो तीन आठवडे झाले तरी उघडलेला नाही. टोपीची कड आत वळलीय, देठाशी एका बाजूला नखाएवढा काळपट डाग आहे. झोआही अर्धेच उघडतात. गोगलगायी एकामागून एक मेल्या. मासे मात्र खाऊन-पिऊन मजेत. दुकानदारानं आयोडीन, कॅल्शियम आणि कसलंसं बूस्टर दिलं आणि लाईट वाढवायला सांगितलं. एक मित्र म्हणतो, गोव्याहून समुद्राचं पाणी आणून घाला. जाता जाता त्यांनी असंही लिहिलंय की दिवाळीत स्वयंपाकघरात नवीन प्युरिफायर बसवला, 'तांब्याचा', आणि टाकीचं रोजचं टॉप-अप, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी घालायचं पाणी, मामंजी त्यातूनच भरतात. माशांना खायलाही मामंजीच घालतात. हायड्रोमीटर १.०२८ दाखवतो. टोडस्टूल फेकून द्यावा का, आणि गेलाच तर त्या जागी हॅमर कोरल घ्यावा का, हे दोन प्रश्न.

ताई, फेकू नका. आणि बाटल्या सगळ्या आजपासून बंद करा, झाकणं लावून कपाटात. तुमच्या कोरलला औषध लागत नाही. लागतंय ते पाण्याला.

तुम्ही शेवटी सहज लिहिलेली प्युरिफायरची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मासे ठीक, पण गोगलगायी मेलेल्या, झोआ अर्धमिटे आणि लेदर बंद, असं चित्र दिसलं की पहिला संशय तांब्यावर घ्यायचा. समुद्री माशांना पांढरे ठिपके आले की तांब्याचंच औषध देतात, लिटरमागे साधारण ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम, मासा ते सोसतो. त्याच पाण्यात गोगलगाय, कोळंबी, कोरल टिकत नाहीत. म्हणून तर ते औषध कोरलच्या टाकीत कधी घालत नाहीत, आजारी मासा वेगळ्या टाकीत काढून देतात. आता दुसरी बाजू बघा. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात तांबं लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालेल असं म्हटलंय. म्हणजे माणसाला बिनधास्त पाजता येईल असं पाणी कोरलला मारू शकतं. प्युरिफायर कंपनीची त्यात काही चूक नाही. त्यांनी तो तुमच्यासाठी बनवलाय, टोडस्टूलसाठी नाही.

आणि ही गोष्ट एका दिवसात होत नाही, म्हणून लक्षात येत नाही. टाकीतून वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी. मीठ, चुनखडी, तांबं, जे काही विरघळलेलं आहे ते सगळं मागे राहतं. तुमच्या टाकीतून रोज दोन लिटर उडतं असं धरू. या दिवसांतली कोरडी हवा आणि वरून उघडी टाकी बघता एवढं सहज उडत असेल. दिवाळीपासून अडीच महिने म्हणजे पंचाहत्तर दिवस, दीडशे लिटर. एक अख्खी टाकी भरेल एवढं प्युरिफायरचं पाणी तुम्ही आत ओतलंय आणि त्यातलं तांबं बाहेर काढलेलं नाही. प्युरिफायरमधून लिटरला ०.१ मिलिग्रॅम येत असेल तर आजवर टाकीत लिटरला तेवढंच जमा झालं. त्यातलं बरंचसं खडकात आणि वाळूत जाऊन बसतं, तरी उरलेलं गोगलगायींना पुरेसं होतं. दिवाळीनंतर महिनाभर सगळं छान होतं आणि मग अचानक बिघडलं असं तुम्हाला वाटतंय. बिघाड पहिल्या दिवसापासून साचत होता.

तांब्याची टेस्ट किट आणून बघाल तर ती बहुतेक शून्य दाखवेल. त्यावर जाऊ नका. घरगुती किटना जेवढं तांबं दिसतं त्याच्या कितीतरी खाली कोरलला त्रास सुरू होतो. मेलेल्या गोगलगायी हीच तुमची खरी टेस्ट.

तांबं फक्त प्युरिफायरमधूनच येतं असंही नाही. आपल्याकडे घरोघरी कळशी, घागर, तांब्या असतोच. बेळगावच्या शहापुरात एका घरी कोळंबी टिकतच नव्हती. नवीन आणली की आठवड्यात गेली. पाणी तपासून तपासून थकलो. शेवटी सकाळच्या वेळी गेलो तेव्हा कळलं की आजी देवपूजा झाली की तांब्यातलं उरलेलं पाणी तुळशीला अर्धं आणि अर्धं टाकीत सोडतात, समुद्राचं दैवत म्हणून. त्यांना काय सांगणार? त्यांच्या नातवानं मग टाकीशेजारी एक छोटी तुळस आणून ठेवली आणि प्रश्न मिटला. तुमच्याकडे पाणी कशात साठवतात, कशानं ओततात ते एकदा उभं राहून बघा. पितळी लोटाही नको, पितळेत तांबंच असतं. नळाला किंवा पाइपला पितळी जोड असेल तर तोही बदला. अन्न ठेवायच्या प्लास्टिकचा डबा आणि प्लास्टिकचा मग, बस.

आता पाणी कुठून आणायचं. नवीन यंत्र घ्यायची गरज नाही. प्युरिफायरच्या सर्व्हिसवाल्याला बोलवा आणि मेम्ब्रेनमधून, म्हणजे क्षार गाळणाऱ्या पडद्यातून, पाणी बाहेर पडतं तिथंच, म्हणजे तांब्याच्या आणि मिनरलच्या कार्ट्रिजच्या आधी, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) वाढवायच्या व्हॉल्व्हच्याही आधी, एक प्लास्टिकचा टी जोड टाकून वेगळी नळी काढायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे, तो कुरकुर करेल, करू द्या. त्या नळीच्या पुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांचा, छोटा डबा जोडा. टीडीएस मीटर ऑनलाइन काही शेकड्यांत मिळतो; डीआयनंतर शून्य आला पाहिजे, दोन-तीनपर्यंत चालवून घेऊ. वर चढायला लागला की रेझिन संपलं. हे होईपर्यंत आठ-पंधरा दिवस डिस्टिल्ड पाण्याचे कॅन आणा. बॅटरीवाल्याकडून घेणार असाल तर पाणीच मागा, अ‍ॅसिड नव्हे, आणि घरी येऊन मीटर बुडवून बघा. बोरचं पाणी मात्र कुठल्याच कारणानं नको. आपल्या भागात, विशेषतः चिकोडी-अथणीकडे, बोर इतकं जड असतं की केटलीत पांढरा थर बसतो. बेळगावात राकसकोप किंवा हिडकलचं नळाचं पाणी त्या मानानं हलकं, पण क्लोरीन त्यात असतोच, तेही थेट नको.

टाकीत आधीच जमलेलं तांबं काढायचं कसं, यावर जरा सविस्तर लिहितो, कारण लोक इथंच घाई करतात. सगळं पाणी एका दिवसात बदलायचं नाही. दर दोन दिवसांनी तीस लिटर, म्हणजे पाचवा भाग. असे पाच बदल केले की पाण्यात विरघळलेल्यापैकी साधारण एक तृतीयांश उरतं, दहा बदल केले की दहावा भाग. दर वेळी किलोभरापेक्षा थोडं जास्त रीफ सॉल्ट (समुद्री टाकीचं मीठ) लागेल, खर्च आहे, मान्य. मीठ आदल्या दिवशी कालवून ठेवा, त्यात छोटा पंप फिरत राहू दे, आणि ओतण्याआधी तापमान टाकीच्या पाण्याशी जुळवा. जानेवारीत बादलीतलं पाणी रात्रभरात गार पडतं. ते तसंच ओतलं तर बदलाचा फायदा राहिला बाजूला, कोरलला अजून एक फटका. खडकात बसलेलं तांबं हळूहळू सुटत राहतं, म्हणून त्यासोबत फिल्टरमध्ये चांगला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन टाका आणि दर आठवड्याला बदला. तांबं धरून ठेवणारं खास रेझिनही मिळतं, सीकेमचं क्युप्रिसॉर्ब. मिळालं तर नक्की घ्या. कार्बन धुऊन घाला. आणि हो, चुलीतला कोळसा कार्बन म्हणून चालत नाही. हा प्रश्न मला दर वर्षी कोणीतरी विचारतंच.

कार्बनचं दुसरं काम लेदरसाठी तेवढंच मोलाचं आहे. ही जात शेजाऱ्यांना दूर ठेवायला पाण्यात टर्पीन वर्गातली रसायनं सोडते, आणि त्रासात असली की जास्तच सोडते. तुमचे झोआ अर्धे मिटलेले आहेत त्यात तांब्याबरोबर याचाही वाटा असू शकतो.

खारटपणा दाखवणारी पाण्याची घनता १.०२८ ही जास्तच आहे, हवी १.०२५ ते १.०२६, म्हणजे हजार भागांत ३५ भाग मीठ. पण काटा हलणाऱ्या प्लास्टिकच्या हायड्रोमीटरवर माझा विश्वास नाही. काट्याला एक बुडबुडा चिकटला किंवा मिठाचा कण बसला की आकडा सरकतो. रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ च्या तयार द्रावणावर लावून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य करून ठेवला की वरच्या आकड्यात फरक येऊ शकतो. खरोखरच १.०२८ निघाली तरी त्यासाठी वेगळा उद्योग नको. नवीन पाणी १.०२५ चं कालवा. पाच-सहा बदलांत टाकी आपोआप खाली येईल, आणि तेही दिवसाला कोरलला कळणार नाही इतक्या संथपणे.

आता कोरलकडे येऊ. मिटलेला लेदर कात टाकतोय की सडतोय हे ओळखायला तीन गोष्टी पुरतात. कात टाकताना सगळ्या टोपीवर एकसारखी मेणचट चकाकी येते, मग तो पापुद्रा तुकड्या-तुकड्यानं सुटून वाहून जातो, खालचं अंग घट्ट असतं. सडताना एकाच बाजूनं सुरुवात होते, डाग तपकिरी-काळा आणि कडेनं पसरत जाणारा, आणि तिथं अंग मऊ लागतं. हातमोजा घालून प्लास्टिकच्या ड्रॉपरच्या टोकानं डाग हलकेच दाबून बघा. रबरासारखा परत उसळला तर जीव आहे. टोक आत रुतलं, लगदा निघाला तर तो भाग मेलेला. मग पंप बंद करून कोरल खडकासकट टाकीच्याच पाण्याच्या भांड्यात घ्या आणि वास घ्या. समुद्राचा वास ठीक. सडक्या मासळीचा वास आला की उत्तर मिळालं.

डाग नखाएवढाच आणि घट्ट असेल तर आज कात्री लावू नका. तांब्याच्या पाण्यात ताजी जखम म्हणजे दुहेरी मार. डागाशेजारी प्लास्टिकची पट्टी धरून फोटो काढा, दोन दिवसांनी परत काढा. न वाढणाऱ्या डागाला पहिले चार-पाच पाणीबदल होईपर्यंत हात लावायचा नाही. वाढतोय किंवा वास मारतोय असं दिसलं तर मात्र वाट बघणं चूक, कारण देठ गेला की टोपीही जाते.

कापायचं झालं तर टाकीबाहेर, टाकीच्या पाण्याच्या भांड्यात. नवं ब्लेड, हातमोजे, डोळ्याला चष्मा. लेदरचा रस डोळ्यात जाऊ नये, आणि त्याच खडकावर झोआ असतील तर जास्तच जपायचं. काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन असतं आणि ते थट्टेवारी नेण्यासारखं विष नाही. काळ्या डागाच्या पलीकडे सेंटिमीटरभर चांगलं अंग घेऊन सरळ कापा. अर्धवट कापून काळी रेघ मागे ठेवली तर चार दिवसांत तिथूनच परत सुरू होतं. देठ पूर्ण सडला असेल तर टोपी तेवढी वाचवा. लेदर टोपीपासून नवा देठ काढतो, हे या जातीचं मोठं सुख आहे. कापलेला तुकडा दुसऱ्या भांड्यात, टाकीच्याच पाण्यात लुगॉलचं आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतपत घालून, दहा मिनिटं बुडवा. मग तिसऱ्या भांड्यात खंगाळून टाकीत. आयोडीनचं पाणी टाकीत सोडायचं नाही. नळाच्या किंवा गोड्या पाण्यानं कोरल धुवायचाच नाही, सेकंदभरसुद्धा नाही.

कापलेला लेदर बसवणं हे खरं चिकाटीचं काम. अंग बुळबुळीत, सुपरग्लू धरत नाही. लावला की तासाभरात ग्लू एकीकडे आणि कोरल दुसरीकडे. प्लास्टिकच्या छोट्या टोपलीत खडकाचे तुकडे पसरा, त्यावर टोपी कापलेली बाजू खाली करून ठेवा, आणि वरून जाळी सैल बांधा. जाळी म्हणून घरातली मच्छरदाणी कापू नका, त्यातल्या काहींना कीटकनाशक लावलेलं असतं. कापडाच्या दुकानातलं साधं नायलॉनचं नेट हातभर आणा, धुऊन वापरा. दोन-तीन आठवड्यांत खडकाला धरतो. रबर बँडनंही जमतं, पण घट्ट बसला की तो अंग कापत जातो, आणि पुन्हा सड.

लाईट वाढवायचा सल्ला उलटा आहे. मिटलेल्या कोरलच्या अंगातली शैवालं आधीच ताणात असतात. त्यांच्यावर जास्त उजेड टाकून ती जोमानं काम करत नाहीत. दिवाळीआधी होता त्याच्याही निम्म्यावर आणा, दिवसाला सात-आठ तास, निळा जास्त पांढरा कमी. पॉलिप बाहेर यायला लागले की दर आठवड्याला थोडाथोडा चढवा. प्रवाह मात्र लेदरला हवाच, पापुद्रा तोच सोडवतो. वेव्हमेकरची (प्रवाह करणाऱ्या पंपाची) धार सरळ अंगावर नको. काचेवर आपटून परत येणारा, दिशा बदलणारा प्रवाह हवा. टोपीवर कचरा बसला तर दिवसातून एकदा ड्रॉपरनं पाण्याचा हलका झोत मारा. बोटानं पापुद्रा सोलू नका, कितीही मोह झाला तरी.

खायला काही नको. बंद पॉलिप खात नाहीत. जे घालाल ते कुजून नायट्रेट वाढवेल. उघडल्यानंतरही लेदरचं बरंचसं भागतं ते उजेडावर. कॅल्शियमची बाटली तर याला लागतच नाही. त्याच्या अंगात चुन्याचे बारीक काटे असतात, पण त्याला लागणारं कॅल्शियम पाणी बदलताना नव्या मिठातून आरामात मिळतं. अल्कलिनिटी आठ-नऊ dKH च्या आसपास, नायट्रेट लिटरला पाच-दहा मिलिग्रॅम, फॉस्फेट थोडासा, एवढं असलं की पुरे. नायट्रेट शून्यावर आणायच्या नादी लागू नका, त्यानं सॉफ्ट कोरल उलट सुकतात.

या दिवसांत तापमानावर लक्ष ठेवा. आपल्याकडे पहाटे पारा पंधराच्या खाली जातो आणि दुपारी खोली पुन्हा तापते. दीडशे लिटरला दीडशे वॅटचा हीटर लागेल, पाणी २५-२६ वर स्थिर. सकाळी उठल्यावर आणि दुपारी तीनला थर्मामीटर बघा; दोन अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर हीटर कमी पडतोय किंवा त्याचा थर्मोस्टॅट गेलाय. करंट, म्हणजे वीज, जाते तेव्हा हीटरची चिंता नंतर, आधी हवा: बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असू दे. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त वेव्हमेकर लावा, हीटर लावलात तर बॅटरी फार लवकर बसेल. कॅनिस्टर फिल्टर वापरत असाल आणि करंट तीन-चार तास गेला असेल, तर तो आपोआप चालू होऊ देऊ नका. आतलं कोंडलेलं पाणी सडलेलं असतं. ओतून द्या, मग चालू करा.

मामंजींबद्दल. निपाणीचं घर म्हणजे तंबाखू आलाच असं मी म्हणत नाही, पण असेल तर हे बघा. निकोटिन पाण्यात विरघळतं आणि ते मुळात कीटकनाशकच आहे. मळलेल्या हातानं चिमूटभर खाद्य टाकलं की थोडंथोडं आत जातं. मोठ्या माणसाला 'हात धुऊन घाला' म्हणणं सुनेला अवघड, म्हणून सरळ एक छोटा प्लास्टिकचा चमचा खाद्याच्या डब्यात ठेवा आणि 'बाबा, एवढाच मोजून घाला, नाहीतर मासे सुस्त होतात' असं सांगा. माप मिळालं की ज्येष्ठ मंडळी खूष असतात. टॉप-अपचं पाणी भरलेला डबाही टाकीशेजारीच ठेवून द्या. मग त्यांना स्वयंपाकघरापर्यंत जायला नको. त्याच खोलीत संध्याकाळी डासांची लिक्विड मशीन, अगरबत्ती किंवा स्प्रे चालू असेल तर बंद करा. त्यातली बहुतेक औषधं पायरेथ्रॉइड जातीची, मासे आणि कोळंबी दोघांनाही घातक, आणि एअर पंप ती हवा थेट पाण्यात ढकलतो.

गोव्याच्या पाण्याचा सल्ला मित्रानं प्रेमानं दिला असेल. चोर्ला घाटातून कॅन आणणं सोपंही आहे. पण किनाऱ्यावरचं पाणी म्हणजे नदीमुखाचा गाळ, होड्यांचं तेल आणि काय काय. पावसाळ्यात तर खारटपणाही उतरलेला. शिवाय बोटीच्या तळाला शेवाळ लागू नये म्हणून जो रंग देतात त्यात पुष्कळदा तांबंच असतं. ज्या टाकीतून आपण तांबं काढतोय त्यात बंदराचं पाणी कशाला?

बरं व्हायला किती दिवस लागतील? लेदर घाई करत नाही. पाणी सुधारलं की बहुधा आधी एक मोठी कात टाकतो. ते पाहून घाबरू नका, ते चांगलं लक्षण. मग टोपीची वळलेली कड सपाट व्हायला लागते. मग टोपीच्या एखाद्या कोपऱ्यात, सहसा प्रवाह मिळतो त्या बाजूला, टाचणीच्या डोक्याएवढे पॉलिप डोकावतात. भिंगातून बघितलं तर प्रत्येकाला आठ शुंडं दिसतील. हे सगळं व्हायला चार-सहा आठवडे धरा, पूर्ण फुलायला त्याहून जास्त. झोआ आधी उघडतील. पाणीबदल दहा झाले, कार्बन चार वेळा बदलला की दोन टर्बो गोगलगायी आणून सोडा. त्या काचेवर चढून शेवाळ खात फिरल्या तर पाणी ठीक. वाळूत उलट्या पडून राहिल्या तर लगेच बाहेर काढा आणि पाणीबदल अजून महिनाभर चालू ठेवा. त्या फिरायला लागेपर्यंत टाकीत नवीन काहीही नको.

म्हणून हॅमरचा विचार तूर्तास नकोच. आणि नंतरही करताना एक गोष्ट माहीत असू द्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळे खडक बांधणारे कठीण कोरल आहेत, शिवाय काळे कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाइप आणि सी फॅन. हॅमर कठीण कोरलांतला. आपल्या समुद्रातून, मग ते मालवण असो की मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी, मेलेला तुकडा उचलणंही गुन्हा आहे. दुकानदार परदेशातून आणलाय म्हणाला तर आयातीची कागदं आणि बिल मागा. 'ताई, सगळेच घेतात की' असं उत्तर आलं तर तिथून निघा. टोडस्टूल, मशरूम, झोआ या यादीत नाहीत, आणि खरं सांगायचं तर बेळगाव-निपाणीच्या करंटच्या भरवशावर तेच जास्त निभावतात. कुर्ल्याहून किंवा चेन्नईच्या कोळत्तूरहून रात्रभर पिशवीत प्रवास करून आलेला टोडस्टूल काही दिवसांत उभा राहतो. हॅमर तसा राहीलच असं नाही.

दोन आठवड्यांनी मला एवढं कळवा: पट्टी लावून काढलेले डागाचे फोटो, एकाच वेळी आणि एकाच जागेवरून काढलेले, रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा, सकाळ-दुपारचं तापमान, आणि मेम्ब्रेनच्या नळीतून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस. दरम्यान डाग रुपयाएवढा झाला किंवा वास सुटला तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी फोटो पाठवा आणि ब्लेड आणून ठेवा.